पदवीवाचून आचार्य : हेर्मान ओबर्थ

गतवर्षी आपल्या मंडळाचा विद्यार्थी गुणगौरव समारंभ आटोपल्यावर एक ज्ञातिबांधव आपल्या चिरंजीवांस घेऊन आमच्याकडे आले. मुलगा बारावीच्या वर्गात होता. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूस उतरले, तो सोहळा त्याने शाळासोबत्यांसह दूरदर्शनवर पाहिला होता, आणि त्या दिवसापासून अवकाशाखेरीज दुसरा विषय त्याच्या मनास शिवत नव्हता. वडिलांचा प्रश्न सरळ होता. या क्षेत्रात जावयाचे तर पदवी कोणती घ्यावी? त्यांच्या कानी कोणीतरी असे घातले होते की, पदवीच्या नावात ‘एरोस्पेस’ हा शब्द नसेल तर ते दार उघडतच नाही; आणि तशा नावाचा अभ्यासक्रम असलेल्या एका खासगी महाविद्यालयाची फी भरण्यासाठी गावाकडील दोन एकर जमीन विकावयाचे त्यांनी जवळजवळ ठरविले होते.

आम्ही स्वतः मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन तीस-बत्तीस वर्षे मुलांस गणित व शास्त्र शिकविले, एवढीच आमची शिदोरी. विद्यापीठाची पायरी आम्ही चढलो ती केवळ उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पोहोचविण्यासाठी. तेव्हा असल्या प्रश्नास तत्काळ उत्तर देण्याचा अधिकार आपला नाही असे जाणून आम्ही पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. त्या मुदतीत जी पुस्तके धुंडाळली त्यांत एका शाळामास्तरांचे चरित्र आमच्या हाती लागले, आणि ते वाचता वाचता मूळ प्रश्नाचे उत्तर आपोआप पुढे येऊ लागले. तेच चरित्र वाचकांस सादर करीत आहोत.

हेर्मान ओबर्थ यांचा जन्म २५ जून १८९४ रोजी ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतातील हेर्मानश्टाट या गावी झाला. त्या काळी हा प्रांत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. पहिल्या महायुद्धानंतर तो रुमानियाकडे गेला आणि त्या गावास आज सिबिऊ म्हणतात. ओबर्थ यांचे घराणे तेथील सॅक्सन समाजाचे. बाराव्या शतकात हंगेरीच्या राजांनी बोलाविल्यावरून जर्मन मुलखातून जी कुटुंबे तेथे जाऊन वसली, त्यांचे हे वंशज. संख्येने लहान, चोहोंबाजूंनी परभाषिकांनी वेढलेला. तथापि आपली भाषा, आपली प्रार्थनामंदिरे आणि विशेषतः आपल्या शाळा या समाजाने सातआठशे वर्षे स्वतःच्या हिमतीवर चालविल्या. अशा समाजात शिक्षकास मान असतो. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून येथे सांगून ठेवतो.

वडील यूलिउस ओबर्थ हे शस्त्रवैद्य. हेर्मान दोन वर्षांचा असताना ते शेसबुर्ग या गावी रुग्णालयाचे प्रमुख म्हणून आले आणि मुलाचे बालपण तेथेच गेले. मातामह वैद्य असून कवीही होते. येत्या शंभर वर्षांत मनुष्य चंद्रावर जाईल असे भाकीत त्यांनी १८६९ साली केले होते अशी आख्यायिका त्या घरात सांगत. भाकिताचे सोडून द्या, भाकिते पुष्कळ होतात. पण ज्या घरात अशी गोष्ट मुलांच्या कानी पडते त्या घराची हवा निराळी असते, इतके खरे.

अकराव्या वर्षी आईने मुलाच्या हाती ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराची चंद्रप्रवासाची कथा दिली. त्या कथेत नऊशे फूट लांबीची प्रचंड तोफ जमिनीत ओतून, तिच्यातून पोकळ गोळ्यात बसलेली माणसे चंद्राकडे डागली आहेत. इतर मुले असली कथा वाचून आनंदित होतात व खेळावयास जातात. या मुलाने ती इतक्या वेळा वाचली की ती त्यास जवळजवळ तोंडपाठ झाली, आणि मग तो तिच्यातील आकडे तपासू लागला. पृथ्वीच्या ओढीतून सुटावयाचे तर सेकंदास सुमारे अकरा किलोमीटर वेग हवा, हा लेखकाचा आकडा त्यास बरोबर वाटला. परंतु तो वेग तोफेच्या नळीच्या आतच यावयाचा म्हणजे काय? आम्ही हे गणित आमच्या जुन्या वहीत करून पाहिले. अंतिम वेगाच्या वर्गास नळीच्या लांबीच्या दुपटीने भागावयाचे, एवढेच ते आहे. उत्तर असे येते की, आतील माणसाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या सुमारे बावीस हजारपट भार पडेल. साठ किलो वजनाचा मनुष्य त्या क्षणी तेरा लाख किलोंचा होईल. चंद्रावर पोहोचणे दूरच, तो नळीतच कागदाएवढा चपटा होईल.

म्हणजे तोफ निरुपयोगी. वेग एकदम नव्हे तर हळूहळू वाढत गेला पाहिजे. असे कोणते साधन आहे? या शोधात चौदाव्या-पंधराव्या वर्षी तो मुलगा अग्निबाणापर्यंत, म्हणजे आपण ज्यास आज रॉकेट म्हणतो त्यापर्यंत, येऊन पोहोचला. अग्निबाण आपले इंधन बरोबर नेतो, ते मागे फेकतो आणि त्या प्रतिक्रियेने पुढे जातो. त्यास रेटण्यास हवा लागत नाही, म्हणून तो निर्वातातही चालेल. इंधन जळत जाईल तसा तो हलका होईल आणि अधिकाधिक वेग घेईल. हे सर्व त्याने शाळेच्या वयात, त्या गावी मिळतील त्या पुस्तकांच्या साह्याने जुळवले. प्रवाशास वजनच उरले नाही तर काय वाटेल, हे पाहण्यासाठी तो गावच्या पोहण्याच्या हौदात पुनःपुन्हा उड्या मारून खाली येतानाच्या त्या क्षणाचे निरीक्षण करी. इतरांस तो पोरखेळ दिसला असेल.

शालान्त परीक्षा झाली आणि पदवीचा प्रश्न आला. वडील नामांकित शस्त्रवैद्य. मुलाने वैद्यकच शिकावे हे त्यांच्या दृष्टीने ओघानेच आले. १९१२ च्या सुमारास मुलगा म्यूनिकला वैद्यकाच्या अभ्यासासाठी गेला. अग्निबाणांची पदवी तर जगातील कोणत्याही विद्यापीठात नव्हती, तेव्हा वडिलांस दोष देण्यात अर्थ नाही. मात्र तेथेही वैद्यकाची व्याख्याने सांभाळून तो पदार्थविज्ञानाच्या व गणिताच्या व्याख्यानांस जाऊन बसत असे. १९१४ साली महायुद्ध पेटले. तो पायदळात भरती होऊन रशियाच्या आघाडीवर गेला, जखमी झाला, आणि पुढे वैद्यकाचे शिक्षण झाले असल्यामुळे शेसबुर्गच्याच लष्करी रुग्णालयात त्याची नेमणूक झाली.

या काळास पुष्कळ चरित्रकार वाया गेलेली वर्षे म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. रुग्णालयात औषधे हाताशी होती. शरीराची तोल सांभाळण्याची जाणीव बधिर करणारे औषध स्वतः घेऊन, पाण्यात बुडी मारून, वजनरहित अवस्थेत मनुष्याची शुद्ध व दिशाज्ञान टिकेल काय याचे प्रयोग ओबर्थ यांनी स्वतःच्या देहावर केले. अवकाशवैद्यक नावाची शाखा पुढे कित्येक वर्षांनी निर्माण झाली. तिचे काही आद्य प्रयोग या अर्धवट वैद्याने केले. नको असलेल्या विषयाची विद्या अशी अवचित कामास येते. १९१७ साली त्यांनी द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या अग्निबाणाचा आराखडा जर्मनीच्या युद्धखात्याकडे धाडला. तो अव्यवहार्य ठरवून परत आला. १९१८ च्या जुलैत माटिल्डे हुमेल या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. या बाईंच्या सोशिकपणाविषयी स्वतंत्र लेख व्हावा इतके त्यांनी पुढे सोसले.

युद्ध संपल्यावर पंचविशीतल्या, विवाहित ओबर्थ यांनी वैद्यक सोडले आणि पदार्थविज्ञानाचा अभ्यास नव्याने आरंभिला. संसार मांडलेला, देश बदललेला, पैशाची ओढाताण, आणि हातची विद्या टाकून पहिल्या इयत्तेपासून दुसरी शिकावयास बसणे! आपल्यापैकी किती पित्यांनी हे मानले असते? क्लूज, म्यूनिक, ग्यॉटिंगेन आणि शेवटी हायडेलबर्ग अशी त्यांची विद्यापीठे झाली. ग्यॉटिंगेन हे तर त्या काळी गणिताचे व पदार्थविज्ञानाचे माहेरघर होते. जेथे जे शिकावयास मिळे ते ते आपल्या एकाच प्रश्नास जुंपीत गेले. अग्निबाणाचा प्रवास, त्याच्या इंधनाचे रसायन, हवेचा विरोध, धातूंची सहनशक्ती, प्रवाशाचे शरीर, असा तो प्रश्न पाच शास्त्रांच्या सीमेवर उभा होता.

आणि येथेच घोटाळा झाला. १९२२ साली त्यांनी हायडेलबर्ग विद्यापीठाकडे डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला. विषय अर्थातच अग्निबाणाने ग्रहांपर्यंत जाण्याचा. तो नाकारण्यात आला. खगोलशास्त्राचे प्राध्यापक माक्स वोल्फ यांच्या मते विवेचनात शास्त्रीय चूक नव्हती, उलट ते कल्पक होते. परंतु ते खगोलशास्त्र नव्हते. पदार्थविज्ञानाच्या नेहमीच्या चौकटीतही ते बसेना. यंत्रविद्या म्हणावी तर ती हायडेलबर्गला शिकवीतच नसत. प्रबंध खोटा म्हणून नाकारला गेला नाही. तो ठेवावयास कपाटात कप्पा नव्हता म्हणून नाकारला गेला. वोल्फ यांनी मात्र एक उपकार केला. त्या लिखाणाच्या योग्यतेविषयी त्यांनी दिलेला अभिप्राय प्रकाशक मिळविताना ओबर्थ यांच्या उपयोगी पडला.

दुसरा एखादा विद्यार्थी असता तर सोपासा विषय घेऊन दोन वर्षांत डॉक्टर होऊन बसला असता. ओबर्थ यांनी दुसरा प्रबंध लिहिलाच नाही. तोच प्रबंध त्यांनी ‘ग्रहांतराळाकडे जाणारा अग्निबाण’ अशा अर्थाच्या जर्मन नावाने १९२३ साली म्यूनिकच्या ओल्डेनबूर्ग प्रकाशनातर्फे प्रसिद्ध केला. छपाईच्या खर्चाचा भार लेखकासच सोसावा लागला, आणि त्यासाठी पत्नीची पुंजी खर्ची पडली. पुस्तक शंभर पानांचेही नव्हते. ९२ पाने, तीही समीकरणांनी भरलेली. त्यात चार गोष्टी मांडल्या होत्या. वातावरणाच्या वर जाणारी यंत्रे तत्कालीन विद्येच्या आधारे बांधता येतील. अधिक सुधारणा केल्यास ती पृथ्वीवर परत न पडण्याइतका वेग घेतील. त्यांतून माणसे सुखरूप जाऊ शकतील. आणि काही परिस्थितीत हा उद्योग पैशाच्या दृष्टीनेही परवडेल. अग्निबाणावर अग्निबाण ठेवून खालचा रिकामा होताच टाकून द्यावा, खालच्यात मद्यार्क आणि द्रवरूप प्राणवायू जाळावा, वरच्यात द्रवरूप हायड्रोजन आणि प्राणवायू, हा तपशीलही त्यात आहे. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. जून १९२३ मध्ये ते पुस्तक निघाले, आणि १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ ज्या अग्निबाणाने गेले त्याच्या सर्वांत वरच्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप प्राणवायूच जळत होते. मध्ये बरोबर शंभर वर्षे गेली.

पोट भरण्यासाठी काहीतरी करणे प्राप्तच होते. त्याच साली, २३ मे १९२३ रोजी, क्लूज विद्यापीठात प्राध्यापक आउगुस्तिन मायोर यांच्यासमोर ओबर्थ यांनी हायडेलबर्गने परत केलेले तेच काम सादर केले, आणि मायोर यांनी ते मान्य केले. त्यावर त्यांस जी सनद मिळाली ती माध्यमिक शाळेत पदार्थविज्ञान शिकविण्याची. अवकाशविद्येच्या आद्य आचार्यांची औपचारिक पात्रता ती एवढीच. पुढे सन्मान्य पदव्या अनेक आल्या, त्या वेगळ्या. या सनदेवर ते प्रथम शेसबुर्गला व नंतर मेडियाश येथील सॅक्सन समाजाच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९३८ पर्यंत, मधल्या रजा सोडल्यास, तेथेच राहिले. तास घ्यावे, वह्या तपासाव्यात, आणि रात्री दिव्याशी बसून चंद्राचा हिशेब करावा. विद्यार्थी त्यांच्यावर प्रेम करीत. शिक्षणपद्धतीवर मात्र त्यांचा रोष होता. ती मुलांस मागचा रस्ता उजळून दाखविते, पुढचा दाखवीत नाही, असे त्यांचे मत होते. आम्हीही त्याच पद्धतीचे चाकर असल्यामुळे हे वाक्य वाचताना थोडे खाली पाहावे लागले.

या विद्येचे आद्य प्रणेते तिघे मानतात, आणि तिघांच्याही वाटा पाहण्यासारख्या आहेत. रशियातील कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्की लहानपणीच आजाराने बहिरे झाले; कोणतीही पदवी नाही, मॉस्कोच्या ग्रंथालयात स्वतः वाचून शिकले, शिक्षकाची परीक्षा देऊन कालूगा येथे वर्षानुवर्षे मास्तरकी केली. अमेरिकेतील रॉबर्ट गॉडर्ड यांची वाट एकट्याचीच सरळ झाली. वुस्टर येथील तांत्रिक संस्थेतून १९०८ साली पदवी आणि क्लार्क विद्यापीठातून १९११ साली पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट घेऊन ते प्राध्यापक झाले आणि १६ मार्च १९२६ रोजी द्रवरूप इंधनाचा जगातील पहिला अग्निबाण त्यांनी उडविला. तो अडीच सेकंद उडाला व ४१ फूट उंच गेला. तिघांपैकी दोघे शाळामास्तर होते, हे आम्ही आमच्या निवृत्त शिक्षकमित्रांस आवर्जून सांगत असतो.

आता ओबर्थ यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आपल्या ज्ञातिबांधवांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथे आहे. १९२८ साली बर्लिनमधील प्रसिद्ध दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांनी चंद्रप्रवासावर चित्रपट काढण्यास घेतला आणि शास्त्रीय सल्लागार म्हणून ओबर्थ यांस बोलाविले. अग्निबाण सुटण्यापूर्वी आकडे उलटे मोजण्याची जी प्रथा आज श्रीहरिकोट्यासही ऐकू येते, ती प्रथम या चित्रपटातच दिसली. चित्रपट कंपनीची आणखी एक हौस होती. उद्घाटनाच्या दिवशी खराखुरा अग्निबाण आकाशात उडवावयाचा, आणि तो ओबर्थ यांनी बांधून द्यावयाचा. ते तयार झाले. पण समीकरणे कागदावर सोडविणे निराळे आणि नळी, झडप, गळती व वितळणारा धातू यांच्याशी झगडणे निराळे. कारखान्याचा अनुभव त्यांस नव्हता. साह्यकर्ते मिळाले तेही बेताचे. एका स्फोटात त्यांच्या डोळ्यास इजा झाली. १५ ऑक्टोबर १९२९ रोजी चित्रपट झळकला, अग्निबाण मात्र उडाला नाही, आणि ओबर्थ खचलेल्या मनाने मेडियाशला परतले. त्याच वर्षी त्यांचा चारशेहून अधिक पानांचा दुसरा ग्रंथ निघाला व अवकाशप्रवासाच्या विषयावरील पहिले रेप-हर्श पारितोषिक फ्रान्सकडून त्यांस मिळाले, ही त्यातल्या त्यात जखमेवर फुंकर.

पुढच्या वर्षी ते पुन्हा बर्लिनला आले. त्यांनी रचलेल्या लहानशा शंक्वाकार इंजिनाची २३ जुलै १९३० रोजी सरकारी रासायनिक-तांत्रिक संस्थेत परीक्षा झाली. पेट्रोल व द्रवरूप प्राणवायू जाळीत ते दीड मिनिट चालले आणि सुमारे सात किलोंचा रेटा त्याने दिला. संस्थेने तसा दाखला लिहून दिला. हायडेलबर्गने माणसास जे दिले नाही ते बर्लिनने इंजिनास दिले, असे आम्हांस गमतीने म्हणावेसे वाटते. त्या प्रयोगात हाताखाली धावपळ करणारा एक अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. त्याचे नाव व्हेर्नर फॉन ब्राऊन.

या मुलाची हकीकत मुळातून सांगण्याजोगी आहे. शाळेत असताना त्याने ओबर्थ यांचे पहिले पुस्तक मागविले, उघडले, आणि समीकरणे पाहून तो हबकला. कारण गणितातच तो कच्चा होता. मास्तरांनी सांगितले की हे समजावयाचे तर गणित व पदार्थविज्ञान शिकण्यावाचून उपाय नाही. तो शिकला. पुढे त्याने बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीची पदवी १९३२ साली घेतली. गुरूपाशी जे उणे होते ते प्रथम भरून काढले. मग बर्लिन विद्यापीठातून १९३४ साली पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट घेतली, आणि प्रबंधाचा विषय होता द्रवरूप इंधनाचा अग्निबाण! बारा वर्षांपूर्वी ज्या विषयास कप्पा सापडला नव्हता त्यास आता सापडला. मात्र कप्प्याची किल्ली सैन्याच्या हाती होती. तो प्रबंध गुप्त ठेवण्यात आला.

त्या किल्लीची किंमत जगाने मोजली. सैन्याच्या पैशावर पेनेम्युंडे येथे जो व्ही-२ अग्निबाण सिद्ध झाला, तो लंडन, अँटवर्प आदी शहरांवर पडला. आणि तो ज्या भूमिगत कारखान्यात बनविला जाई, त्यासाठी उभारलेल्या मिटेलबाउ-डोरा छावणीतील सुमारे साठ हजार बंदिवानांपैकी वीस हजारांच्या आसपास मृत्युमुखी पडले. फॉन ब्राऊन यांच्या यशाची गाथा सांगताना हे पान पुष्कळ लोक गाळतात. मुलांस चरित्रे सांगावयाची तर ते गाळू नये, असे आमचे मत आहे.

ओबर्थ यांची स्थिती त्या काळी चमत्कारिक होती. रुमानियाचे नागरिक म्हणून जर्मनांस ते परके, आणि फार जाणते म्हणून सोडून देण्यासही धोक्याचे. १९३८ साली त्यांस व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात आणि पुढे ड्रेस्डेनला कामास लावले, पण मुख्य कामापासून दूरच ठेवले. १९४१ साली ते पेनेम्युंडेस गेले ते फ्रिट्झ हान या खोट्या नावाने. तेथे त्यांच्या कल्पनांवर त्यांचाच शिष्य हजारो माणसांचा कारभार पाहत होता, आणि गुरूंकडे मुख्यतः पेटंटांचे कागद तपासण्यासारखी कामे होती. पुढे घनरूप इंधनाच्या विमानविरोधी अग्निबाणावर त्यांनी दुसरीकडे काम केले. ते युद्धास वाहिलेल्या राजवटीच्या चाकरीत होते हे नाकारता येत नाही. त्या युद्धाने त्यांचा एक मुलगा नेला. कन्या इल्झे अग्निबाणांच्या परीक्षणकेंद्रात काम करीत असता २८ ऑगस्ट १९४४ रोजी तेथील स्फोटात मरण पावली. ज्या विद्येसाठी आईने आपली पुंजी दिली, तिनेच लेक हिरावून घेतली.

युद्धानंतरची वर्षे भटकंतीची. न्यूरेंबर्गनजीक फॉइख्त या गावी बिऱ्हाड होते. स्वतः ओबर्थ कधी स्वित्झर्लंडमध्ये सल्लागार, कधी इटलीच्या नौदलासाठी अग्निबाण बनविण्याच्या कामी. १९५५ साली फॉन ब्राऊन यांनी त्यांस अमेरिकेत हंट्सव्हिल येथे बोलावून घेतले. साठी उलटलेला गुरू शिष्याच्या हाताखाली तीन वर्षे राहिला. १९५८ साली ते जर्मनीस परतले, आणि परतण्याचे कारण वाचून आम्हांस हसू आले व डोळेही ओले झाले. अमेरिकेत राहिल्यास जर्मनीतील निवृत्तिवेतनाचा हक्क धोक्यात येत होता! चंद्राचा हिशेब करणाऱ्यासही हा हिशेब चुकत नाही.

उतारवयात ते उडत्या तबकड्यांवर विश्वास ठेवीत, आणि काही काळ तेथील एका अतिउजव्या पक्षाचे सभासदही होते. मोठ्या माणसाचे सर्वच निर्णय मोठे नसतात. १६ जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चंद्राकडे निघाले तेव्हा पंच्याहत्तर वर्षांचे ओबर्थ ते उड्डाण पाहण्यासाठी फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर उपस्थित होते. मातामहांच्या आख्यायिकेतील शंभर वर्षे त्याच साली भरत होती. २८ डिसेंबर १९८९ रोजी न्यूरेंबर्ग येथे, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. फॉइख्त येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे.

पंधरा दिवसांनी ते ज्ञातिबांधव पुन्हा आले तेव्हा आम्ही त्यांस हे सारे सांगितले, आणि चौकशीअंती कळलेली माहितीही दिली. इस्रोच्या शास्त्रज्ञ-अभियंता पदांसाठी प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक्स, यंत्र व संगणक या शाखांचे पदवीधर घेतात. कारागिरांच्या जागांसाठी आय.टी.आय. व पदविका झालेल्यांसही वाव असतो. तिरुअनंतपुरम येथे २००७ पासून केंद्र सरकारची अवकाशविद्येची स्वतंत्र संस्था आहे, पण तिची प्रवेशपरीक्षा अवघड; मुलाने ती अवश्य द्यावी, न जमल्यास दार बंद झाले असे मानू नये. इस्रोचे एक मोठे अध्यक्ष सतीश धवन यांनी गणित व पदार्थविज्ञानाची पदवी घेतली, इंग्रजी साहित्यात एम.ए. केले, मग यंत्र अभियांत्रिकी, आणि त्यानंतर अमेरिकेत जाऊन वैमानिकी. जमीन विकून घेतलेल्या नावापेक्षा सरकारी महाविद्यालयातील यंत्रशाळेत काढलेली चार वर्षे अधिक कामाची ठरतील, असे आम्हांस वाटले व तसे आम्ही बोलून दाखविले. वडिलांचे पूर्ण समाधान झालेले दिसले नाही. मॅट्रिक झालेल्या मास्तराच्या शब्दावर मुलाचे भवितव्य सोपवावयाचे, म्हणजे त्यांचेही काही चुकत नव्हते.

मुलाने या वर्षी एका शासकीय महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीस प्रवेश घेतला. जमीन तूर्त जेथल्या तेथे आहे. दिवाळीच्या सुटीत तो भेटावयास आला, तेव्हा आम्ही तोफेचे ते गणित त्याच्यापुढे ठेवले. त्याने मूळ कादंबरी मिळवून वाचली होती. तोफेच्या तळाचा सुमारे १८० फुटांचा भाग तर स्फोटक कापसानेच भरलेला आहे, तेव्हा गोळ्यास वेग घेण्यास नऊशे फूट मिळतच नाहीत, हे त्याने आमच्या नजरेस आणून दिले. वही पुढे ओढून त्याने हिशेब दुरुस्त केला. भार बावीस हजारपट नव्हे, सुमारे अठ्ठावीस हजारपट येतो.